डेलिगेट आणि दुखानची प्रायमरी

अमेरिकेत निवडणुकीचं वारं सुटलं की इकडं कतारात, दुखानमध्ये, एक माणूस टाय घालायचा.

टाय कव्हरऑलच्या आत. डोक्यावर हेल्मेट, पायात सेफ्टी बूट, अंगात कंपनीचा निळा कव्हरऑल आणि गळ्याशी, चेन संपते तिथं, लाल टायची गाठ. उन्हानं लोखंडाला हात लावायची सोय नाही आणि हा पठ्ठ्या गाठ सैल करायला तयार नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आज मतदान आहे." कुठं? तर अमेरिकेतल्या कुठल्यातरी राज्यात. तिथं हा कधी गेला नव्हता, पुढं जाणार नव्हता, आणि तिथल्या कुणी ह्याला मत विचारलेलंही नव्हतं.

आम्ही त्याला डेलिगेट म्हणायचो. तिकडं उमेदवारांना राज्याराज्यांतून जी माणसं मिळतात त्यांना डेलिगेट म्हणतात, आणि ज्याच्या पदरात जास्त डेलिगेट तो पक्षाचा गडी, हे त्यानंच आम्हाला शिकवलं. सकाळी नाश्त्याच्या लाइनीत उभा राहून ओरडायचा, "अरे, पंधरा डेलिगेट फिरले!" पुढचा नेपाळी दचकून ताट सांभाळायचा. त्यावरून नाव पडलं.

तो वसईचा ख्रिस्ती, मी साताऱ्याकडचा. तो परांचीचा इन्स्पेक्टर, मी परांची बांधणाऱ्या टोळीचा फोरमन. हल्ली सगळे स्कॅफोल्डिंग म्हणतात, पण मी चौथीच शिकलो, मला परांचीच म्हणता येतं, आणि माझी परांची कधी पडली नाही. हे लिहून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी पडलोय.

ओळख भांडणातून झाली. नव्या टाकीभोवती माझ्या पोरांनी परांची उभी केली होती. काय देखणी! लांबून बघावी अशी. हा आला. वर बघितलंच नाही. खांब दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला, वाळूत गुडघे टेकून पायाशी बघितलं आणि लाल टॅग लावून दिला. लाल म्हणजे कुणी चढायचं नाही. पिवळा म्हणजे जपून. हिरवा म्हणजे बिनघोर.

"काय खोट आहे हिच्यात?" मी विचारलं.

"ह्या पायाखाली प्लेट नाही."

"वाळू घट्ट आहे इथली."

"आज घट्ट आहे," तो म्हणाला आणि पुढच्या परांचीकडं निघून गेला.

कितीतरी दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. प्लेट मात्र घातली.

मग एका सकाळी मेसच्या टीव्ही रूममध्ये गेलो तर हा खुर्चीवर चढून भिंतीवर इंग्रजी पेपरातले फोटो चिकटवत होता. एक उंच सिनेटर, एक चष्मेवाल्या बाई, एक शेतकरी गव्हर्नर, एक गावाकडचा महापौर, आणखी बरेच. आणि प्रत्येकाच्या गळ्याखाली दोऱ्यानं बांधलेला टॅग! आमचेच टॅग, साइटवरचे, खराब झालेले. लाल, पिवळे, हिरवे. ते बघून मला इतकं हसू आलं की अबोला तिथंच मोडला.

"हे काय? अमेरिकेला परांची बांधतोयस?"

"तू बस. आधी बस. ही फायनल नाही, फोरमन, ही प्रायमरी. फायनलला काय, दोघंच उरतात, हा नाहीतर तो. खरी गंमत आधी! एकाच घरातले, म्हणजे एकाच पक्षातले, दहाजण म्हणतात, मीच. एकमेकांची उणीदुणी काढतात, आणि घरातून पाठवायचा असतो एकच. घरच्या भांडणात माणूस कळतो."

मी बसलो. आणि सांगतो, लागलं मला ते वेड! तिकडची रात्र म्हणजे आमची पहाट. ड्यूटीची बस यायच्या आधी निकाल यायला लागायचे. नकाशावर तालुके रंगत जायचे, कधी ह्याचा रंग, कधी त्याचा, आणि आम्ही दोघं, तो मेसच्या आणि मी माझ्या डब्यातल्या पराठ्याचा घास हातात धरून, उभे. तो घास तसाच गार व्हायचा. बसवाला बाहेरून हॉर्न मारायचा, "यल्ला, यल्ला!" आणि डेलिगेट आतून ओरडायचा, "थांब रे, अजून शहरं मोजायची आहेत!"

त्याची उमेदवार जोखायची रीत न्यारी होती. पहिलं म्हणजे टीव्हीचा आवाज बंद. "शब्द त्याला दुसऱ्यानं लिहून दिलेत. हात कुणी लिहून देत नाही. हात बघ." मग आम्ही मुके वादविवाद बघायचो. कोण दुसरा बोलताना पाणी पितो, कोण हसायचं म्हणून हसतो. दुसरी परीक्षा खाण्याची. तिकडं जत्रा भरतात आणि उमेदवारांना तिथं लोक काहीबाही तळलेलं हातात देतात. कोण कसं खातो ते हा निरखून बघायचा. "बघ, बघ, कागदानं धरलंय. ह्याला लोकांची किळस आहे. पिवळा टॅग."

तिसरी परीक्षा सगळ्यात मोठी. एखाद्या राज्यात निकाल लागला की जिंकणारा बोलायला उभा राहायचा, सगळं जग त्याला ऐकायचं, आणि हा चॅनेल बदलायचा. हरलेला कुठं बोलतोय ते शोधायला. तेवढ्यापुरता आवाज चालू. "जिंकल्यावर तर आपला आचारीसुद्धा गोड बोलेल. हरलेला काय बोलतो ते ऐक. हलवल्याशिवाय खांब कळतो का?"

माझा माणूस ठरलेला होता. त्याला मी गरजणारा म्हणायचो. मुठी आपटायचा, बोट रोखायचा. आवाज बंद असला तरी गरजतोय ते कळायचं. मला तो आवडला. डेलिगेटनं त्याला पहिल्याच दिवशी लाल टॅग घातला.

"का?"

"वर उंची आहे. खाली प्लेट नाही."

आमची पैज लागायची करक चहावर, म्हणजे इथल्या दाट दुधाच्या चहावर. आता तुम्हाला वाटेल हा एवढा अभ्यास करणारा, ह्याचे अंदाज खरे ठरत असतील. छे! त्यानं हिरवा टॅग घातलेला एकही उमेदवार शेवटपर्यंत टिकला नाही. एकही! हिरवा टॅग बांधला की तो माणूस पंधरवड्यात घरी बसायचा. मी महिनोन्‌महिने त्याच्या जिवावर करक प्यायलो. त्याला त्याचं काही नव्हतं. "माणूस चांगला होता," म्हणायचा आणि फोटो तसाच ठेवायचा, हिरव्या टॅगसकट.

साइटवर एक अमेरिकन इंजिनियर यायचा. सज्जन माणूस. डेलिगेटनं त्याला गाठून विचारलं, तुमच्या राज्यात कोण येणार? तो म्हणाला, मी मतच देत नाही, सुट्टी मिळाली की मासे मारायला जातो. डेलिगेटचा चेहरा असा झाला की जणू घरात कुणी गेलंय. दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी मला म्हणतो, "ज्याला घास ताटात वाढलाय तो मासे मारायला जातो, आणि आपण इथं खिडकीतून बघतोय." मग टायची गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि टीव्ही लावला.

मला वाटतं त्या माणसाला आयुष्यात कुणी काही विचारलंच नव्हतं. ना गावात, ना कंपनीत. म्हणून ज्या दुकानात आपल्याला काही मिळणार नाही त्याच्याच काचेला नाक लावून तो उभा राहायचा. पण हे माझं मत. त्याला सांगितलं असतं तर त्यानं मलाच लाल टॅग लावला असता.

आता बसची गोष्ट. दुखान पडलं पश्चिम किनाऱ्याला, दोहा पार पलीकडं. गाडी नसेल तर माणूस अडकला. डेलिगेटला लायसन काही मिळालं नाही. टेस्टला बसवलं की आधी गाडीला चारी बाजूंनी फेरी मारून प्रत्येक चाक हलवून बघायचा. परीक्षक म्हणायचा यल्ला, हा म्हणायचा एक मिनिट. तोवर खलास, नापास. दोनचारदा झाल्यावर नाद सोडला.

त्याची बायको दोह्यात नर्स. आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणायचो. त्यांची खोली हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये, ह्याची आमच्या कॅम्पात. नवराबायको एकाच देशात आणि भेट फक्त शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी. शुक्रवारी सकाळी कंपनीची बस दोह्याला जायची. हा अबू हमूरला उतरायचा, तिथं सगळी चर्च एका आवारात आहेत. सिस्टर तिथं यायच्या. प्रार्थना झाली की बाहेर भिंतीच्या सावलीत डबा उघडायचा, संध्याकाळच्या बसनं परत. बस! एवढाच संसार, आणि तो त्या बसच्या चाकांवर.

एकदा मी बाजाराला म्हणून त्याच बसनं गेलो होतो. बघतो तर हा सिस्टरना डेलिगेटांची बेरीज समजावून सांगतोय आणि त्या त्याच्या शर्टाचं बटण शिवतायत. मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना सांगा, मीपण ह्यांना प्रायमरीतूनच निवडलंय. वसईत आणखी स्थळं होती."

"मग मी जिंकलो की नाही?" हा म्हणाला.

"बाकीचे उमेदवार पळाले," त्या म्हणाल्या. मग डबा माझ्यापुढं केला. मी हात जोडले. मी बाहेर, चहा सोडला तर, कुणाच्या हातचं खात नाही. लहानपणी चुलत्याच्या घरी ताटावर बसून बरंच ऐकून घेतलंय. तेव्हापासून माझं मी शिजवतो, माझं मी खातो. डेलिगेटनं माझ्याकडं तिरक्या नजरेनं बघितलं.

आणि मग एक दिवस नोटीस लागली. शुक्रवारची बस पुढच्या महिन्यापासून बंद.

नोटीस डेलिगेटनं वाचून दाखवली. वाचताना आवाज सरळ होता. वाचून झाल्यावर घडी घालायला गेला, मग लक्षात आलं की ती भिंतीवरची आहे.

एक वाट होती. कंपनीत वेलफेअर कमिटी व्हायची होती, तिच्यावर कॅम्पातला एक माणूस निवडून द्यायचा होता. तो साहेबांसमोर बसून बोलणार. उभा राहिला होता कॅन्टीनचा सुपरवायझर. त्याच्याकडं स्वतःची गाडी, बसशी देणंघेणं नाही. त्याची माणसंही बरीच. आमच्या बाजूनं, म्हणजे बस पाहिजे म्हणणाऱ्यांच्या बाजूनं, दोघं उभे. एक मी. दुसरा प्लॅनिंगमधला पुण्याचा पोरगा, वर्षाच्या कंत्राटावर आलेला, कानात कायम इअरफोनची बोंडं, फाडफाड इंग्रजी. मला काका म्हणायचा.

"दोघं उभे राहिलात तर मतं फुटणार आणि बस गेली," डेलिगेट म्हणाला. "आधी घरात ठरवा."

"म्हणजे?"

त्यानं खिशातून लाल टाय काढला. "म्हणजे प्रायमरी!"

काय सांगू त्या दिवसांचं! सबंध कॅम्पला अमेरिका चढली. नळ्या उचलताना पोरं विचारायची, "फोरमन, आज किती डेलिगेट?" वेल्डरांचा डेलिगेट कोण, ड्रायव्हरांचा कोण, यावर भांडणं लागली. एका बिहारी फिटरनं तर मला वचनं लिहून मागितली. मी छाती काढून फिरत होतो. निम्मा कॅम्प माझ्या हाताखाली वाढलेला. शिवाय परीक्षा घेणारा माझा दोस्त! चिंता कसली?

डेलिगेटनं पहिलीच परीक्षा खाण्याची ठेवली. तिकडं जत्रा, तर इकडं मेस. दोघांनी प्रत्येक टेबलावर जाऊन, ते देतील ते खायचं. पोरगा गेला. बंगाल्यांच्या टेबलावर काटेरी मासा खाल्ला, नेपाळ्यांची लोणच्याची फोड तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी काढलं, सगळे हसले, तोही हसला. मी माझा डबा घेऊन माझ्या खुर्चीवर.

"ऊठ, फोरमन," डेलिगेट हळूच म्हणाला.

"मत पाहिजे म्हणून मी कुणाच्या ताटात हात घालणार नाही. माझं काम बघा आणि मत द्या."

त्यानं सगळ्यांसमोर माझ्या खिशाच्या बटणाला पिवळा टॅग अडकवला. मी तो काढला नाही. काढला असता तर लागला असं झालं असतं.

गुरुवारी ड्यूटी सुटल्यावर टीव्ही रूममध्ये वादविवाद. खिडकीतसुद्धा माणसं. डेलिगेट मधोमध उभा, टाय ताठ. प्रश्न एकच, "साहेब म्हणाला बस परवडत नाही. काय सांगशील?"

मी टेबलावर मूठ आपटली. "बस बंद तर काम बंद!"

खोली दणाणली! टाळ्या, शिट्ट्या. मला वाटलं, गरजणारा तो गरजणारा.

डेलिगेट टाळ्या थांबेपर्यंत थांबला. "साहेब म्हणाला, बरं, खलास, काम बंद करणाऱ्यांनी घरी जा. पुढं?"

पुढचं माझ्याकडं नव्हतं. मी पुन्हा मूठ उचलली आणि हळूच टेबलावर टेकवली.

पोरगा उठला. कानातली बोंडं काढून त्यानं खिशात टाकली. म्हणाला, "काका बरोबर बोलतायत, राग खरा आहे. पण मी साहेबांना विचारीन, दुपारची फेरी रिकामी का पळवता? ती बंद करा, सकाळची आणि संध्याकाळची ठेवा. शेजारच्या कॅम्पलाही शुक्रवारी बस नाही, त्यांच्या कंपनीला अर्ध्यात घ्या."

टाळ्या कमी पडल्या. पण लोक एकमेकांकडं बघायला लागले, आणि ते टाळ्यांपेक्षा वाईट असतं.

मतदान डेलिगेटच्या पद्धतीनं. अमेरिकेत काही ठिकाणी म्हणे चिठ्ठी नाहीच, आपापल्या माणसाच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. टीव्हीकडचा कोपरा माझा, पाण्याच्या कूलरकडचा पोराचा. माणसं सरकायला लागली. धक्काबुक्की, ओढाओढी, "ए, इकडं ये की!" "अरे, तू माझ्या खोलीतला ना?" माझ्या टोळीतला एक पोरगा अर्ध्यातून परत फिरला, माझ्याकडं न बघता. मोजलं. बरोबरी! पुन्हा मोजलं. बरोबरी! आरडाओरडा नुसता.

मधोमध एकच माणूस उरला होता. टायवाला.

मी हसून हात पुढं केला. "ये डेलिगेट, संपव."

त्यानं टाय सारखा केला. मग कूलरकडं चालत गेला.

माझ्या कानात नुसता गरम वारा. मी म्हटलं, "छान! तुझा हिरवा टॅग लागला म्हणजे हा पोरगा पडलाच समज." लोक हसले. मी दाराकडं निघालो. माझ्या मागं माझी टोळी निघाली. आम्ही गेलो असतो तर सुपरवायझर निवडून आला असता हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

"फोरमन," मागून आवाज आला. "तुझं भाषण राहिलंय."

मी वळलो. डेलिगेट टायची गाठ धरून उभा होता. त्याचा शुक्रवार माझ्या हातात होता, आणि तरी त्यानं मला मत दिलं नव्हतं. मनात आलं, केवढा मूर्ख माणूस! दोस्ताला मत दिलं असतं तर दोस्त तरी राहिला असता. आणि दुसरं मन म्हणालं, हा खांब हलवतोय. ह्याला दुसरं काही येतच नाही.

मी परत फिरलो. खुर्चीवर चढलो.

"ऐका. मी हरलेलो नाही. ह्या टायवाल्याची अक्कल हरलीय." हशा झाला. "मला अजून वाटतं की मीच बरा. मरेपर्यंत वाटणार. पण साहेबांपुढं जायचं आणि पुढं काय म्हटल्यावर गप्प बसायचं, ते मला जमणार नाही. हा पोरगा बोलेल. माझ्या टोळीतला जो कुणी ह्याला मत देणार नाही, त्यानं उद्यापासून माझ्या परांचीवर पाय ठेवायचा नाही. संपलं." आणि पोराचा हात धरून वर केला. जरा जोरातच केला, तो "काका, खांदा!" म्हणून ओरडला.

पोरगा निवडून आला. डेलिगेटचा हिरवा टॅग लागून जिंकलेला तो पहिला आणि शेवटचा उमेदवार. बस राहिली, दुपारची फेरी गेली.

आता डेलिगेट वसईला असतो, सिस्टरही. तिकडं प्रायमरी लागली की इथं पहाटे फोन येतो, "फोरमन, टीव्ही लाव. आवाज बंद कर." पण मला आठवतो तो निवडणुकीनंतरचा पहिला शुक्रवार. बसमध्ये त्यानं माझ्यासाठी खिडकी धरून ठेवली होती. अजून राग होता, आणि राग सोडायची मला घाई नसते. तरी त्याच्या मागोमाग अबू हमूरला उतरलो. का, ते विचारू नका. प्रार्थना होईपर्यंत बाहेर भिंतीच्या सावलीत थांबलो.

दोघं बाहेर आले. डेलिगेट बायकोला अगदी ऐटीत म्हणाला, "हा बघ, हरलेला उमेदवार."

सिस्टरनी डबा उघडला. वसईचे फुगे होते, गोल, तळलेले, घरी केलेले, आणि चिकनचा रस्सा. त्यांनी ह्या वेळी विचारलं नाही. फुगा रश्शात बुडवून सरळ माझ्या हातावर ठेवला. रस्सा बोटांवरून मनगटाकडं ओघळायला लागला. आता धरून बसायचं तरी किती वेळ? मी खाल्ला. मग दुसरा मागून घेतला.

डेलिगेट वाकला. माझ्या खिशाला तो पिवळा टॅग अजून होता, हट्टानं मी तो तसाच ठेवला होता. त्यानं तो सोडला आणि आपल्या खिशातून हिरवा काढून बांधायला लागला.

"काढ तो," मी म्हटलं. तोंडात घास होता. "तुझ्या हिरव्यावाल्यांचं काय होतं ते बघितलंय मी. सगळे पडतात."

"पडशील की. पुन्हा उभा राहिलास तर पुन्हा पडशील," तो गाठ आवळत म्हणाला. "पण पडल्यावर तू काय बोलतोस ते मी ऐकलंय."